चमचाभर काकवी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईलाही नाही — आणि आमच्या घरात आईपासून लपून राहिलेली ही बहुधा एकच गोष्ट. तुम्हाला सांगतो. मान खाली घालून सांगेन अशी मात्र अपेक्षा ठेवू नका.

मुंगळ्यांची गोष्ट मी लग्नाकार्यात नेहमी सांगतो. माझी धाकटी बहीण सुमन निमगाव केतकीच्या शाळेत मास्तरीण. तिनं घरात मुंगळे पाळले होते! रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत माती, मातीत बोगदे, तळाशी जाडजूड राणी. अख्खं गाव मुंग्या येऊ नयेत म्हणून कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतं — आमच्याकडे मुंग्या जाऊ नयेत म्हणून तिवईचे पाय वाट्यांत. इथं सगळे हसतात. मीही हसतो, आणि गोष्ट तिथंच संपवतो.

संपते कुठं?

सुमनचा नियम एकच. दिवसाआड, काडीच्या टोकानं, काकवीचा एक थेंब. एक! ज्या घरात पाहुणा नको-नको म्हणत हात आडवा धरतो आणि आम्ही त्या हातावरूनच वाढतो, त्या घरात थेंब? मला बघवेना. ती शाळेत गेली की मी बरणीत चमचाभर काकवी सोडायचो. तिला दिसू नये म्हणून वर बोटभर माती लोटायचो. “घ्या हो, लाजू नका,” असंसुद्धा म्हणायचो. हसा आता.

महिन्याभरात मुंगळ्यांच्या पाठीवर पिवळट ठिपके दिसायला लागले. नीट पाहिलं तर ठिपके चालत होते — खसखशीहून बारीक गोचिडी म्हणा ना.

“वल धरली की ही किडं येत्यात, दादा,” सुमन म्हणाली. “पर एका थेंबानं कशी धरंल?”

तिनं माती चाळली, तव्यावर भाजली, गार करून नवी बरणी भरली. मग ओल्या कुंचल्यानं एकेक मुंगळा उचलून, किडे झाडून, पलीकडं. राणी सगळ्यात शेवटी. तीन रविवार ती तिवईपासून हलली नाही. मुंगळे सावरले. अंडीसुद्धा दिसली.

ओल कुठून आली हे आता मला कळलं होतं. मग मी थांबलो? छे. आजारातनं उठलेल्यांना जरा गोड नको? खरं सांगू — माझ्या हातचं खाऊन कुणाचं वाईट होतं, हे मला मान्यच नव्हतं.

ठिपके परत आले, दुपटीनं. राणीच्या मानेवर तर झुबकाच.

“दादा, तू काय घालतोस का रं हितं? खरं सांग. मी रागवायची न्हाय.”

ती रागावली नसती. हो म्हणालो असतो तर तिनं त्याच दुपारी पुन्हा माती भाजली असती, राणीला उचललं असतं. काकवी कुठं पुरलीय ते मला एकट्याला माहीत होतं — बोट दाखवायचं, बस्स. एवढंच काम होतं.

“हॅ! मला काय करायच्यात तुझ्या मुंग्या?” मी म्हणालो.

चार दिवसांनी राणी उताणी पडली. मग एकेक करून बाकीचे. सुमननं बरणी घासून पालथी घातली. “माझाच हात जड हाय,” म्हणाली. “थेंब म्हणून जास्तच पडत असंल.”

तेव्हापासून ती पंगतीत वाढत नाही. आधी भात असो की आमटी, वाढायला सुमनच लागायची. आता कडेला पाट मांडते, पाणी ठेवते, आणि पातेलं पुढं आलं की माझ्या बायकोला म्हणते, “वैनी, तुमी वाढा. माझा हात जड हाय.” नऊ वर्षं झाली. नव्या सुना म्हणतात, मास्तरीणबाईंना शिक्षणाची घमेंड आहे. मी ऐकतो. तेही ऐकून घेतो.

तिला सांगणार आहे का? नाही. भित्रा म्हणायचं तर म्हणा, शब्द बरोबर आहे.

परवा एका लांबच्या भाचीच्या लग्नात मी पुन्हा ती गोष्ट सांगितली, तिवईच्या वाट्यांपर्यंत. सुमन सगळ्यांच्या आधी हसली. मग मी रसाचं पातेलं घेऊन पंगतीतून फिरलो. तिनं वाटीवर हात आडवा धरला.

“बास, दादा.”

मी वाढला.