भोगीला द्यायला आमच्या घरात काही नव्हतं

मद्रासला, मैलापुरातल्या आमच्या गल्लीत झाडायला येणाऱ्या बाईनं एकदा आईला दारात थांबवलं आणि हातवारे करत काहीतरी विचारलं. आईला तेव्हा तमिळ जेमतेम कळायचं. तिनं आत्याला हाक मारली. आत्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की तुमच्या घरातून कचऱ्याच्या टोपलीत काहीच पडत नाही, घरात माणसं राहतात की नाही, असं ही विचारतेय. हे ऐकून दोघी इतक्या खूश झाल्या, की त्या बाईला त्यांनी आत बोलावून ताक दिलं.

दोघी एकाच वेळी खूश झाल्याचं मी पाहिलेलं हे बहुधा पहिलंच. आई साताऱ्याकडची. लग्न होऊन ती मद्रासला आली तेव्हा तिची आणि सासरची भाषा एकच, एवढीच तिची समजूत करून दिलेली होती. पण आप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, घराणं कित्येक पिढ्या तंजावरात राहिलेलं. त्यांच्या आणि आत्याच्या मराठीत जुन्या कागदपत्रांतले वाटावेत असे शब्द यायचे, मधूनच तमिळ यायचं आणि सगळ्या बोलण्याला चाल तमिळच असायची. आई म्हणायची, पहिलं वर्षभर मी नुसती मान हलवली. आत्या आप्पांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नव्हतं, मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची आणि घर आपलंच आहे हे ती कधी विसरायची नाही. आई आमटीत गूळ घाली, आत्याला तो चालत नसे. आत्या रस्समात इतकी चिंच घाली, की आईचे डोळे मिटत.

एकच गोष्ट दोघींची जुळायची. कुठलीही वस्तू टाकायची वेळ आली, की आई म्हणायची, "असू दे, लागेल." आणि तिकडून आत्या म्हणायची, "इरुक्कट्टुम." म्हणजे तेच, असू दे.

त्यामुळे आमच्या घरात वस्तूंना मरण नव्हतं. नारळाच्या हिरांचा केरसुणीसारखा झाडू झिजला, की तो न्हाणीघरात जायचा. तिथेही पार बुटका झाला, की आई त्यातले धड हीर निवडून पत्रावळी टाचायला ठेवायची आणि उरलेले बंबात. सूप फाटलं, तर आत्या जुने कागद भिजत घालून, त्यात मेथी वाटून, त्या लगद्यानं ते लिंपून उन्हात ठेवायची. तांदूळ धुतलेलं पाणी, भाज्यांची सालं आणि केळीची उष्टी पानं मागच्या दाराशी बादलीत जमायची, ती दूधवाल्याच्या गाईची. आप्पा गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात देखरेखीचं काम करत. तिथे यंत्रांचे भाग ज्या खोक्यांतून यायचे त्यांच्या फळ्या ते सायकलला बांधून आणायचे. आमच्या घरातलं प्रत्येक फडताळ आधी खोकं होतं, आणि माझ्या पुस्तकांच्या फळीवर 'वरची बाजू' असं इंग्रजीत उलटं छापलेलं होतं.

मला या सगळ्याचं काही वाटत नसे. वर्षातून एक दिवस मात्र फार वाटायचं. तो दिवस भोगीचा.

आईच्या माहेरी भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि घेवडा, वांगी, गाजर, हरभरे, बोरं असं सगळं एकत्र घालून केलेली भाजी. मद्रासला बाजरीला कंबू म्हणतात आणि ती बाजारात समोरच ठेवलेली असते, हे आईला तीन वर्षांनी कळलं. आमच्या गल्लीची भोगी वेगळी. पोंगलच्या आदल्या दिवशी पहाटे सगळ्यांनी आपापल्या घरातली जुनी चटई, फाटकी टोपली, झिजलेली केरसुणी आणून गल्लीच्या तोंडाशी टाकायची, त्याचा जाळ करायचा आणि मुलांनी भोवती उभं राहून मातीच्या छोट्या डफल्या बडवायच्या. जुनं गेलं, नवं आलं. कोपऱ्यावरच्या घरात राहणारे निवृत्त पोस्टमास्तर हे त्या जाळाचे प्रमुख. आम्ही सगळी मुलं त्यांना ताता, म्हणजे आजोबा, म्हणायचो. कुणाच्या घरातून काय आलं ते मोठ्यानं सांगत ते एकेक वस्तू काठीनं जाळात सारायचे.

आमच्या घरातून काही यायचंच नाही. आत्या दरवर्षी मला मूठभर वाळलेली आंब्याची पानं द्यायची. ती घेऊन मी जाळापाशी जायची आणि ताता अगदी गंभीरपणे सांगायचे, "मराठीकारांच्या घरातून पानं." सगळी मुलं हसायची. मी सहावीत असताना, समोरच्या घरातली माझ्याच वर्गातली मुलगी मला शाळेत सगळ्यांसमोर म्हणाली, की तुमच्या घरी साधा कचरासुद्धा नाही. मैत्रिणी पोट धरून हसल्या. त्या दिवशी मी ठरवलं, की या भोगीला आमच्या घरातून मोठंसं काहीतरी जाळात पडलंच पाहिजे.

पोंगलच्या सुट्टीचा पहिला दिवस मी आणि माझा सात वर्षांचा भाऊ घरभर फिरत होतो. जे जे जुनं दिसे त्याला काही ना काही काम लागलेलं होतं. पाय मोडलेल्या स्टुलावर रांजण होता. भोक पडलेल्या बादलीत कढीलिंबाचं रोप होतं. फाटक्या चटईचा चौकोन कापून भावालाच बसायला दिलेला होता आणि तो सोडायला तो तयार नव्हता. शेवटी त्याला माळ्यावर, लाकडी पेटीच्या मागे, सुंभानं बांधलेली एक जुनी वळकटी दिसली. चटईच ती, कडा उसवलेल्या, वर धूळ. तिच्यावर काही ठेवलेलं नव्हतं, तिच्यात काही लावलेलं नव्हतं. मी आईला विचारलं नाही. विचारलं असतं, तर उत्तर मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघांनी ती दोन टोकांनी धरून नेली. वळकटी वाटली होती त्यापेक्षा जड होती. भाऊ म्हणाला, की एवढी जड आहे म्हणजे नक्की भारी चटई असणार. ताता आम्हाला येताना पाहून उठून उभे राहिले. "मराठीकारांच्या घरातून," ते म्हणाले आणि क्षणभर थांबले, "चटई." कुणी हसलं नाही. समोरच्या मुलीनं बाजूला सरून मला जागा दिली. आम्ही वळकटी जाळाच्या कडेवर टाकली, तातांनी ती काठीनं आत ढकलली आणि डफल्या वाजायला लागल्या. मला त्या वेळी फार बरं वाटत होतं, हे खरं सांगितलं पाहिजे.

सुंभ जळाला आणि वळकटी उलगडली. आत कापडं होती. घड्या घालून, रंगारंगांनी लावून ठेवलेले तुकडे. सगळ्यांत वर पिवळ्या फुलांचा एक तुकडा होता, आणि तो माझ्या लहानपणीच्या झबल्याचा आहे हे मला ओळखू आलं. कडेनं तो काळा व्हायला लागला होता.

आई तेवढ्यात रांगोळी घालायला दाराबाहेर आली होती. तिनं जाळाकडे पाहिलं, हातातली वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि ती पळत आली. मी तिला पळताना कधी पाहिलं नव्हतं. तिनं चटईचं न पेटलेलं टोक धरलं आणि सगळं बोचकं रस्त्यावर ओढलं. तातांनी काठीनं ठिणग्या झोडपायला सुरुवात केली. भावानं भोकाड पसरलं, ते ऐकून आत्या बाहेर आली. तिनं काय चाललंय ते विचारलंही नाही. आत जाऊन ती गाईसाठी ठेवलेली बादली घेऊन आली आणि तांदळाचं पाणी, दोडक्याची सालं, सगळं त्या कापडांवर ओतलं.

जाळ विझला. आई तिथेच बसून ओल्या कापडांतली सालं वेचायला लागली. मी शेजारी उभी राहून सांगितलं, की मी आणलं, भावाला काही बोलू नकोस. सालं वेचता वेचताच ती म्हणाली, "तुझ्यासाठीच होतं ते."

घरी आल्यावर सगळं हळूहळू कळलं. तिच्या माहेरी मुलगी सासरी जाताना आईच्या हातची गोधडी बरोबर घेऊन जाते. घरातल्या सगळ्यांच्या जुन्या कपड्यांची ती करायची असते. मद्रासच्या उकाड्यात गोधडी म्हटलं, तर आत्या हसेल म्हणून तिनं ही गोष्ट कुणाला सांगितलीच नव्हती. दहा-बारा वर्षं ती चोरून तुकडे जमवत होती.

त्या दिवशी भोगीची भाजी झाली, पण आई तिच्यात मीठ घालायला विसरली आणि ते कुणीही बोलून दाखवलं नाही. जेवणं झाल्यावर परसात दोरीवर सगळे तुकडे वाळत घातलेले होते. तिसरा हिस्सा तरी जळला होता. आत्या दोरीपाशी जाऊन एकेक तुकडा हातात घेऊन बघत होती. एका तुकड्याशी ती थांबली. जांभळ्या सुताचा, बारीक पिवळ्या काठाचा तुकडा. ते माझ्या आजीचं लुगडं होतं. आजी माझ्या जन्माआधीच गेली होती, आणि तिच्या मागे ते लुगडं फडक्यांत गेलं, असं आत्या इतकी वर्षं धरून चालली होती. नव्या सुनेनंच, म्हणजे आईनंच, ते फडक्यांत घातलं असणार, अशी तिची मनातून खात्री होती आणि त्याचा तिला राग होता. हे तिनंच मला पुढे मोठेपणी सांगितलं.

"हे तू ठेवलंस?" तिनं विचारलं.

"तुम्हाला टाकवत नव्हतं आणि बघवतही नव्हतं, वन्सं," आई म्हणाली. "म्हटलं, असू दे."

आत्यानं चष्मा पुसला, दोरीवरून तुकडे काढून ओसरीवर आणले, फळ्यावरची आकृती आखावी तसा फरशीवर खडूनं एक मोठा चौकोन आखला आणि आईला सांगितलं, की जळका भाग कापून जे उरतं ते यात कसं बसतं ते आधी बघू, मग सुई घेऊ. गणित शिकवणारी बाई कामाला लागली. आईनं टाका शिकवला. आत्याचे पहिले टाके इतके लांब पडले, की आई न बोलता ते उसवायची आणि आत्या न बोलता ते पुन्हा घालायची. पोंगलच्या दिवशी रिवाजाप्रमाणे दूध उतू जाऊ दिल्यावर गोड भाताचा नैवेद्य झाला, जेवणं झाली आणि दोघी परत ओसरीवर. मला शिक्षा म्हणून प्रत्येक जळक्या कडेचा काळा भाग कात्रीनं कापायचं काम होतं. भावाला सुईत दोरा ओवायचं. ती शिक्षा संपू नये असं मला दुसऱ्याच दिवशी वाटायला लागलं. आप्पा कारखान्याला सुट्टी असल्यानं आमच्यात येऊन बसायचे आणि हा आपला कुठला सदरा, हा कुठला, ते ओळखायचे. बहुतेक चुकायचे.

तिसऱ्या दिवशी ताता आले. जाळ आपला, म्हणून त्यांना ती गोष्ट लागून राहिली होती. त्यांच्यामागे त्यांची बायको, आम्ही जिला मामी म्हणायचो, हातात गाठोडं घेऊन उभी होती. आत तातांचे पोस्टातले खाकी कोट होते. ते म्हणाले, की तुमचं माझ्या हातून जळलं, त्याची भर यातून करा. आईनं आत्याकडे पाहिलं. खाकी जाड होतं, आमच्या तुकड्यांत ते बसणार नव्हतं. पण आत्यानं कोट उलटापालटा करून पाहिला आणि सांगितलं, की याच्या बाजारच्या पिशव्या होतील, आणि मामी, तुम्हीच बसून शिवा, आम्ही दाखवतो.

मामी बसली. पुढच्या आठवड्यात समोरच्या मुलीची आईही येऊन बसली. सुट्टी संपून शाळा सुरू झाली, तरी दुपारी आमच्या ओसरीवर चार-पाच बायका दिसायच्याच. माझी गोधडी मूळ मापापेक्षा दोन विती लहान झाली, पण आजीचं लुगडं तिच्या बरोबर मध्यावर बसलं. गल्लीत त्या वर्षी जन्मलेल्या तीन बाळांना दुपटी मिळाली, आणि ताता स्वतःच्याच कोटाची पिशवी घेऊन भाजीला जायला लागले.

पुढच्या भोगीच्या आदल्या दिवशी तातांनी घरोघर फिरून सांगितलं, की कापड मराठीकारांकडे द्यायचं, जाळात नाही. धड चटयाही बायकांनी मागून घेतल्या. जाळ एवढा लहान झाला, की डफल्या थांबायच्या आधीच तो विझला आणि मोठ्या मुलांनी तातांकडे तक्रार केली. तातांनी त्यांना आपल्या घरची गरम पोंगल-खिचडी खायला घालून गप्प केलं.

त्या दुपारच्या बैठकांतच आई तमिळ शिकली. बायका तिचे शब्द सुधारायच्या, ती त्यांचे टाके. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा आम्ही सगळे देवळाजवळच्या बाजारात गेलो होतो. पालेभाजीवाल्या बाईनं जुडीत वरवर ताजा आणि आत कालचा पाला घातला होता. आईनं जुडी सोडली, पाला वेगळा केला आणि तिला तमिळमध्ये चार शब्द असे ऐकवले, की आजूबाजूच्या दोन-तीन विक्रेत्या हातातलं काम सोडून हसायला लागल्या. त्या बाईनंही हसत जुडी बदलून दिली. आप्पा पिशवी धरून मागेच उभे होते. पुढच्या दुकानाशी गेल्यावर त्यांनी आत्याला विचारलं, की ती नेमकं काय म्हणाली, कारण त्यातला एक शब्द त्यांनाही नवा होता. आत्यानं तो अर्थ माझ्यासमोर सांगायला नकार दिला, आणि ती आणि आई एकमेकींच्या हातात हात घालून पुढे चालू लागल्या.