न वाचता घेतलेलं घर

रागाच्या भरात माणसं भांडी आपटतात. मी घर विकत घेतलं. हसताय काय? आधी ऐकून तर घ्या.

मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता. मी सोलापूरचा. तुळजापुरात मास्तर म्हणून आलो आणि दामूअण्णांच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. छपराला मातीचं माळवद, तेही असं, की बाहेरचा पाऊस थांबला तरी आमच्या घरात तो आणखी दोन दिवस चालायचा. आणि नवरात्र आलं की अण्णांचा हुकूम, "मास्तर, एका खोलीत सरका. यात्रेकरू आल्यात."

त्या वर्षी शाळेतून आलो, तर माझ्या खाटेवर एक अनोळखी गृहस्थ घोरत पडलेले. उशाला माझी पुस्तकं. डोकंच फिरलं माझं.

तसाच निघालो आणि बँकेत गेलो. तिथले कारकून दिगंबरराव माझ्या ओळखीचे. त्यांच्यापुढं बसून मी तासभर अण्णांचा उद्धार केला. ते शांतपणे ऐकत होते. मग आवाज उतरवून म्हणाले, "मग स्वतःचं घर घ्या की. तुमच्याच गल्लीतलं एक थकल्या कर्जापायी बँकेनं जप्त केलंय. सोमवारी नोटीस लागंल, मग सगळी तुटून पडत्याल. त्याआधी अर्ज टाका. बोलू नका कुणाला."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दगडी घर वर्षभर कुलपात होतं. दुसरं कुठलं असणार? विचारायची गरजच वाटली नाही.

"एकदा बघून येता का?"

"रोज बघतो की."

"व्हय, तुम्हाला काय सांगायचं. आतनं-बाहेरनं माहीत हाय तुम्हाला."

कागद निजामाच्या काळचे, सगळे उर्दूत. "वाचता येतं न्हवं?" दिगंबररावांनी विचारलं. इकडं चार इयत्ता शिकलेलाही उर्दू वाचायचा, आणि मी तर मास्तर. नाही कसं म्हणणार? कागद हातात धरला, मान डोलावली, मधूनच "हं" केलं. सही ठोकली. कागद उलटा धरला होता, हे फार उशिरा कळलं.

बायकोच्या, कुसुमच्या, पाटल्या गेल्या. महिन्याभरात घर माझ्या नावावर झालं.

त्याच संध्याकाळी मी अण्णांच्या ओट्यापुढं उभा राहिलो. साठलेला सगळा राग बाहेर काढला. "हे घर आहे की चाळण? भिंतीला पोट आलंय. तुळई वाळवीनं खाल्लीय. फुकट दिलं तरी कुणी इथं म्हैस बांधायचा नाही." बोलता बोलता भिंतीला लाथ घातली, तर हातभर गिलावा खाली आला. गल्ली गोळा झाली. मला आणखी चेव चढला. "हे घर घेणारा शतमूर्ख असेल, शतमूर्ख."

अण्णा तंबाखू मळत होते. "खरं हाय मास्तर," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात दिगंबरराव आले. सोबत बँकेचा शिपाई, हातात खळीचा डबा. "बरं झालं, इथंच गाठ पडली," असं म्हणत त्यांनी अण्णांच्या दारावर ताब्याचा कागद चिकटवून घेतला.

"अहो, दार चुकलं," मी म्हणालो. "ते कोपऱ्यावरचं दगडी घर."

"कोपऱ्यावरचं एका वकिलाचं हाय. तुम्ही हेच घेतलंय. कागदात घराच्या चारी बाजूंच्या हद्दी लिहिल्यात की. वाचल्या न्हवं?"

कुसुम दारात उभी होती. तिनं आपल्या मोकळ्या मनगटांकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

अण्णांचं सामान आधीच बांधलेलं होतं. वळकटी काखेत मारून ते माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "वीस वर्षं या घरापायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, मास्तर. आता तुमची पाळी. जिवाला जपा."

राग असा आला होता, की कानशिलं तापली. पण काढायचा कुणावर? मुकाट्यानं त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेलो. घरमालकाला तेवढं करावंच लागतं.