नवसाचा लोखंडी पूल

कुठून सुरुवात करावी तेच मला कळेना झालंय. पण मी नाही सांगितलं तर जळकोटातल्या बायका सांगतीलच, आणि त्यांच्या तोंडी गेल्यावर माझं काय होईल ते तुम्हाला माहीत नाही! त्यापेक्षा मीच सांगते. चहा घ्या. हसायचं असेल तर शेवटी हसा. मधे हसलात तर मला राग येतो, आणि माझ्या रागानं काय होतं तेच तर सांगायचंय.

आमचे हे लातूरला डाळमिलमध्ये मुनीम होते. मिल बंद पडली, आम्ही जळकोटला परत आलो आणि ह्यांनी प्लॉटिंगचं काम धरलं. म्हणजे जमीन एकाची, पैसा दुसऱ्याचा, आणि उन्हात पाय भाजणार आमच्या ह्यांचे!

बरं, काम करू द्यावं ना माणसाला सुखानं? नाही! हळदीकुंकवाला गेलं तरी कुंकू लावता लावता बायकांच्या चौकशा सुरू.

"पगार किती असतो हो?"

पगार नसतो.

"मग खाता काय?"

सौदा झाला की कमिशन मिळतं.

"आणि नाही झाला तर?"

आता नाही झाला तर काय सांगायचं? वाण घ्या आणि घरी जा बाई!

कुणी म्हणतं, "शिक्षण लागतं का ह्याला? आमचा धाकटा काहीच करत नाही, त्याला चिकटवा की." जशी काही काहीच न करणं ही पदवीच आहे! अहो, ह्यांनी परीक्षा दिलीय, सरकारी! पन्नाशी उलटल्यावर! रीतसर नोंदणी केलीय. पहाटे मी देवपूजेला बसायची आणि शेजारी हे कायदा घोकायचे. माझ्या देवाला आता आरती आणि खरेदीखत दोन्ही पाठ आहे.

आणि सगळ्यांत वरताण म्हणजे आमच्या शेजारच्या सरूबाई. डोळा बारीक करून विचारतात, "वैनी, खरं सांगा, दोन्हीकडून खातेत ना?"

इथं एकीकडून मिळेना, आणि म्हणे दोन्हीकडून!

कारण खरं दुखणं असं होतं, की ह्यांच्या हातून एकही प्लॉट विकला गेला नव्हता. भवानीच होईना. मिलमध्ये सगळे ज्यांना मान देऊन "मुनीमजी" म्हणायचे, त्या माणसाला इथं लोक "काय हो एजंट, आज कुणाला टोपी?" असं विचारायचे. ते हसून घ्यायचे. मला मात्र जेवण जायचं नाही.

अडचण होती ओढ्याची. प्लॉट सगळे ओढ्याच्या पलीकडे, आणि ओढ्यावरचा नळ्यांचा जुना पूल पावसात वाहून गेलेला. गिऱ्हाईक यायचं, अलीकडच्या काठावर उभं राहायचं, पलीकडे बोट दाखवून "तो का?" म्हणायचं आणि निघून जायचं.

मग मी काय करणार? मी माहूरच्या रेणुकाआईला नवस बोलले. "आई, पूल होऊ दे. पाच सवाष्णी घेऊन अनवाणी येईन. पलीकडच्या काठावर लिंबाखाली तुझं ठाणं आहे, तिथं ओटी भरीन. आणि झोपेतून उठल्यापासून ओटी भरेपर्यंत मौन धरीन. आणि नवस फेडायच्या दिवसापर्यंत त्या पुलावर पाऊल ठेवणार नाही."

मौन कशासाठी? तर शुभकामाच्या दिवशी माझ्या तोंडून वाकडा शब्द जाऊ नये म्हणून. हे लक्षात ठेवा.

आणि काय सांगू, पूल आला! आपल्याकडे पूल म्हणजे आधी पाटी येते, मग वर्षानुवर्षं पाटीच राहते. हा पूल लॉरीत बसून आला! लोखंडाच्या मोठमोठ्या तयार चौकटी, आत तिरप्या पट्ट्या, जशी खिडकीची जाळी. चौकटीला चौकट लावायची, मनगटाएवढी जाड पीन ठोकायची, बोल्ट आवळायचे, की झाला पूल. सिमेंट नाही, वाळू नाही. लेकरांच्या खेळण्यासारखा बघता बघता या काठावरून त्या काठाला टेकला. लोक म्हणाले, बांधकाम खात्यानं टाकला. टाकेनात का! खात्याला बुद्धी कुणी दिली?

पण पुलाबरोबर पाटीही आली. "जड वाहनांस बंदी." झालं! आता गिऱ्हाइकांना नवा प्रश्न मिळाला. "घर बांधायचं तर वाळूचा टिप्पर जाईल का ह्याच्यावरून?" पुन्हा भवानी नाही.

माझी खात्री पटली. नवस फेडायचा राहिलाय, म्हणून अडतंय सगळं. चैत्रातला मंगळवार धरला.

नेमक्या त्याच मंगळवारी नांदेडहून एक रिटायर गुरुजी प्लॉट बघायला यायचे होते. मूळ आमच्याच भागातले. म्हातारपणी गावाजवळ घर बांधावं म्हणून नकाशावर प्लॉट पसंतही करून बसलेले. फक्त पूल डोळ्यांनी बघायचा होता. ह्यांनी आदल्या दिवशी एकुलता एक बरा शर्ट इस्त्री करून ठेवला. मला म्हणाले, "अगं, दुपारी पुलावर भेटायचंय त्यांना. तुझी ओटी सकाळी उरकून घे."

मी मनात म्हटलं, आई, आज भवानी कर. ह्या माणसाची मान एकदा वर होऊ दे.

सकाळी उठले ते मौनातच. पुरणपोळ्यांचा डबा, खण, नारळ, हळकुंडं घेतली. ॲपे रिक्षात आम्ही सहाजणी कोंबून बसलो. माझी धाकटी जाऊ शकू, सरूबाई आणि गल्लीतल्या तिघी. मी गप्प, म्हणून त्या पाचजणींनी माझ्या वाटचंही बोलून घेतलं. पुरण वाटायला, पोळ्या लाटायला वेळ गेला होता, पोचेपर्यंत ऊन चढलेलं.

उतरून बघते तर काय! पुलाच्या तोंडाशी लॉरी उभी. आठ-दहा माणसं पान्यांनी बोल्ट सोडवतायत. पुलाची एक अख्खी चौकट दोराला बांधून लॉरी आणि पूल यांच्या मधे लोंबकळतेय. आणि एक म्हातारा, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात पुलाची पीन घेऊन तिचं वजन करतोय! वर-खाली, वर-खाली! मग शांतपणे ती पीन त्यानं खिशातल्या दुसऱ्या रुमालात गुंडाळायला घेतली.

तुम्ही काय समजला असता? चोरी! दिवसाढवळ्या माझा नवसाचा पूल भंगारात चालला होता!

ओरडायला तोंड उघडलं आणि आठवलं... मौन!

मी शकूला ढोसलं आणि दोन्ही हातांनी बोल्ट पिरगाळून दाखवले.

"काय अक्का? कुलूप?" शकू म्हणाली. "कुलूप लावायचं राहिलं?"

मी जोरजोरात मान हलवली. नाही! पुन्हा हात पिरगाळला.

"न्हाई, न्हाई, शेगडी म्हणून राहिल्या त्या!" सरूबाई ओरडल्या. "गॅस चालू राहिला! अगं माय माय, पुरणाचा गॅस!"

मी कपाळावर हात मारला.

"बघा, कपाळाला हात लावला. गॅसच हाय!"

आणि मी त्यांचा हात धरायच्या आत सरूबाईंनी फोन लावलासुद्धा. "भाऊजी! कुठं आहात? पुलाकडं निघालात? ते राहू द्या, आधी घरी पळा! तुमच्या घरी गॅस चालू हाय!"

म्हणजे बघा, जो एक माणूस पुढचा अनर्थ टाळू शकला असता, तो उलट्या दिशेनं पळाला.

मी लॉरीकडे बोट दाखवलं. मग पदराखाली काहीतरी लपवून हळूच चालून दाखवलं.

"पोटात दुखतंय का?" एकीनं विचारलं.

"ओटीचा खण विसरला असंल," दुसरी म्हणाली.

मी रडायच्या बेताला आले. शेवटी शकूनं लॉरी बघितली, माझा पदर बघितला आणि तिचे डोळे मोठे झाले. "अक्का... चोर?"

मी तिचे दोन्ही गाल धरले. देवीनंच तिला बुद्धी दिली!

"अवो!" शकूनं एका कामगाराला हटकलं. "काय करून राहिलात? कुणाला विचारून?"

"काम चालू हाय बाई. पूल बंद हाय. सांजच्याला या."

"सांजच्याला काय उरंल?"

"उरंल की," तो हसला, "हाय त्याच्या दुप्पट उरंल!"

चोर तो चोर, वर थट्टा! आणि तेवढ्यात तो रुमालवाला म्हातारा माझ्याकडे वळला, हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाला, "नमस्कार. आपण प्लॉटवाल्या एजंटांच्या घरच्या का?"

एजंट! आधीच कढ आलेला, त्यात हा शब्द. माझं मौन गेलं बघा. आईशप्पथ सांगते, तोंड माझं होतं, पण आवाज कुणाचा होता मला माहीत नाही!

"हाव, एजंटाचीच बायको! आणि तू कोण रे, भंगारवाल्यांचा मुकादम? ह्या वयात ही कामं? अरे, मी देवीपुढं नाक घासून आणलाय हा पूल! लाज नाही वाटत? घरी लेकीसुना असतील, त्या काय म्हणतील? ठेव ती पीन खाली! माझ्या मालकानं बिचाऱ्यानं उन्हातान्हात चपला झिजवल्या, आज कुठं नांदेडहून एक देवमाणूस येतोय, गुरुजी म्हणतात त्यांना. त्यांना मी काय सांगू? पूल तुझ्या रुमालात बांधून गेला म्हणून?"

पाचही सवाष्णींनी म्हाताऱ्याला घेरलं. सरूबाईंनी तर पुरणपोळीचा डबाच उगारला.

म्हाताऱ्यानं पीन हळूच चौकटीवर ठेवली. रुमालानं हात पुसले. म्हणाला, "त्यांना काही सांगू नका, बाई. त्यांनी सगळं ऐकलंय."

मला कळेना. खरंच कळेना.

"मी नांदेडचा गुरुजी. लवकरची एसटी मिळाली, म्हणून आधी आलो. ही पीन ह्या लोकांकडून बघायला मागून घेतली होती. ग्रीस लागलंय, म्हणून रुमाल."

तो मघाचा कामगार पोट धरून हसत होता. "अवो मावशी, आम्ही लॉरीत चढवून न्हाई राहिलो, लॉरीतून उतरवून राहिलोत! दोन्ही बाजूंनी चौकटींची अजून एकेक रांग लावायची हाय. उसाचे ट्रॅक्टर जावेत म्हणून. आडव्या पट्ट्यांचे बोल्ट तेवढे सोडले. तुमचा पूल जाड करून राहिलोत, आणि तुम्ही आम्हालाच चोर म्हणता?"

आता तुम्हीच सांगा, लोंबकळणाऱ्या लोखंडाकडे बघून ते चढतंय की उतरतंय हे कुणाला कळतं? त्याच्यावर काय बाण काढलेला असतो?

एवढ्यात आमचे हे आले. धापा टाकत, इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. "गॅस बंदच होता!" असं ओरडत आले, आणि गुरुजींना बघून जागच्या जागी थिजले. मग घाईघाईनं हात जोडले.

"गुरुजी! आधीच आलात? ओळख करून देतो. ही आमची मंडळी. स्वभावानं अगदी गरीब. आज तर तुम्हाला तिचा आवाजही ऐकायला मिळायचा नाही. मौन आहे तिचं!"

धरणीमाता फाटली असती तर मी ओटीच्या ताटासकट आत गेले असते.

नंतर कळलं, पूल भक्कम करणार आहेत हे ह्यांनी मला आधी सांगितलं होतं. "तू मानसुद्धा हलवलीस," म्हणाले. अहो, मी तेव्हा पोथी वाचत होते! पोथी वाचताना मान हलतेच!

कामगारांनी बिचाऱ्यांनी काम थांबवून आम्हाला पलीकडे सोडलं. अनवाणी मी त्या तापलेल्या लोखंडावरून चालले नाही, पळाले. लिंबाखाली ओटी भरली. "आई," म्हटलं, "मौन मोडलं खरं, पण तुझाच पूल वाचवायला मोडलं. माझ्या चुकीची शिक्षा ह्यांना नको देऊस. त्यांची भवानी होऊ दे." डोळ्याला पाणी आलं होतं. मागे वळून बघायची हिंमत होईना. गुरुजी निघून गेले असतील, असंच वाटत होतं.

पण नाही. गुरुजी ह्यांच्याबरोबर सगळं फिरून आले. सवाष्णींच्या पंगतीला बसले, आणि पुरणपोळी खाता खाता म्हणाले, "मुनीमजी, पूल मी हातानं चाचपून बघितला. उत्तम आहे. आपला व्यवहार पक्का."

ह्यांना "मुनीमजी" म्हणाले! ह्यांचा चेहरा असा झाला, की मी शंभर नवस पुन्हा बोलले असते. माझ्या तर अंगातून वारं गेल्यासारखं हलकं वाटलं. आई पावली!

आनंदाच्या भरात हे म्हणाले, "गुरुजी, आता कसलीच काळजी करू नका. तुमच्या शेजारचा प्लॉट आम्ही स्वतःसाठीच राखलाय. भिंतीला भिंत! हाक मारली की आमची मंडळी हजर!"

गुरुजींचा घास हातातच राहिला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग खिशातून नकाशा काढला, मांडीवर पसरला आणि अगदी टोकाच्या, कुंपणाजवळच्या प्लॉटवर बोट ठेवलं.

"हा मोकळा आहे का?"

"तो? अहो गुरुजी, तो फार लांब पडतो. तिथून आमचं दारसुद्धा दिसणार नाही!"

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "तोच द्या."

आता तुम्हीच सांगा, हे बरं झालं का? मी काय शेजारीण म्हणून एवढी वाईट आहे? मोठ्या आशेनं मी माझ्या पाचही सवाष्णींकडे बघितलं. म्हटलं, एकजण तरी माझ्या बाजूनं बोलेल.

पाचही जणी मान वळवून ओढ्याकडे बघायला लागल्या. आणि ओढ्याला तर पाण्याचा थेंब नव्हता!