नीलसाठी नऊ कपडे

उल्हास पांढरीपांडे लंडनच्या हॅरोत वीस वर्षं राहिला, पण त्याला कुणी पत्ता विचारला तर धड सांगता यायचा नाही. मरून स्कार्फवाला म्हातारा जिथे बागेत उभा असतो तिथून डावीकडे वळा, असा त्याचा पत्ता. म्हाताऱ्याने त्या दिवशी स्कार्फ बदलला की पाहुणा हरवलाच म्हणून समजा! रस्त्यांची नावं, घरांचे नंबर यांना या गृहस्थाच्या डोक्यात थाराच नव्हता. माणसाने अंगात काय घातलंय तेवढं मात्र अचूक दिसायचं. त्याची बायको सुचेता सांगायची की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा याने आधी तिच्या शालूचा काठ बघितला, मग तोंड. त्यावर तो शांतपणे म्हणायचा की काठ खरंच सुरेख होता. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

सुचेता नागपूरहून इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला आली आणि तिच्या मागोमाग हा आला. डिग्री होती, पण इथे तिला विचारतो कोण? शेवटी मिस्टर पेटिट नावाच्या एका म्हाताऱ्याच्या पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात तो चिकटला, आणि त्याचं नशीब उघडलं असंच म्हणायला हवं. पेटिट टेपला हात न लावता गिऱ्हाइकाचं माप सांगायचा. दारातून आत येणाऱ्याकडे एकदा बघायचं, खांदे, छाती, बाहीची लांबी मनात धरायची आणि कोट काढून ठेवायचा. चारेक वर्षांत उल्हासची नजर इतकी तयार झाली की पेटिट खुर्चीत बसून पेपर वाचायला मोकळा झाला. पुढे म्हातारा गेला, दुकान मिटलं, आणि आपले उल्हासराव लंडनच्या लोकलच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर एका स्टेशनात तिकिटाच्या खिडकीमागे बसले. कपड्यांचा एवढा सोस असलेल्या माणसाला जन्मभर निळा गणवेश. पण त्याने कधी कुरकुर केली नाही. खिडकीच्या काचेतून दिवसाकाठी हजार कोट बघायला मिळतात आणि वर पगारही देतात, असं तो म्हणायचा.

सप्टेंबर लागला की त्याच्याकडे पोरांची रीघ लागायची. पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरवाले यायचे, नागपूरचे तर हक्काने यायचे. प्रत्येकाच्या बॅगेत लग्नात शिवलेला चकचकीत सूट, आईने कोंबलेले सहा जोड थर्मल आणि एक माकडटोपी. या दोन टोकांच्या मधलं काहीच नाही. मग पोरगं एक तर नवरदेव दिसायचं नाहीतर हिमालयात निघालेलं. उल्हासकाका त्याला शनिवारी दुकानात घेऊन जायचा आणि ट्रॉलीत पडलेलं सगळं निमूटपणे काढून परत जागेवर लावायचा. मग समजावून सांगायचा, की बाबा रे, ऑटममध्ये इथे एका दिवसात तीन ऋतू होतात, तेव्हा कपडे असे घ्यायचे की त्यांची आपापसांत ओळख असली पाहिजे. तीन पँटी, तीन शर्ट, दोन स्वेटर, एक कोट. कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर गेला पाहिजे, स्वेटर असो नसो बिघडता कामा नये, आणि कोटाने सगळ्यांना पोटात घेतलं पाहिजे. या नऊ कपड्यांत सत्तावीस वेगवेगळी माणसं होतात. सत्तावीस, म्हणजे नक्षत्रांइतकी. हे सांगताना त्याचे डोळे असे कुठेतरी लागायचे की समोरचं पोरगं हळूच मागे वळून बघायचं. आणि माप? सुयश नावाचा एक पुणेरी पोरगा त्याच्याशी वाद घालून टेप घेऊन बसला होता. अर्ध्या इंचाचाही फरक निघाला नाही. मग तो गप्पच बसला, पुणेरी असून.

अशी पन्नास-साठ पोरं त्याने उभी केली. आणि घरातला एक मात्र हाताला लागेना.

नील, त्याचा एकुलता एक, दोन हजार सहाच्या सप्टेंबरात साउथहॅम्प्टनला युनिव्हर्सिटीत निघाला होता. उल्हास या दिवसाची वाट किती वर्षांपासून बघत होता ते फक्त सुचेताला माहीत. पोराच्या पहिल्यावहिल्या घराबाहेरच्या ऑटमचे कपडे आपल्या हातचे असावेत, बस, एवढंच मागणं होतं. मोठं नाही, पण होतं ते हेच. तेराव्या वर्षापासून नीलने बापाबरोबर दुकानात जाणं सोडलं होतं. त्याच्या अंगावर बाराही महिने तोच टोपीवाला राखाडी स्वेटशर्ट. दोघांत भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं. जेवलास का, जेवलो, दार ओढून घे, एवढ्यावर काम भागायचं. उल्हासने तीन वेळा विषय काढला. तिसऱ्या वेळी नीलने कानातले इअरफोन काढून अगदी मऊ आवाजात सांगितलं.

"माझी कपडे मीच घेणार ना, बाबा. इट्स फाइन."

मऊ आवाजातला नकार फार लागतो. पोरगं ओरडलं असतं तर यालाही ओरडता आलं असतं. उल्हास बरं म्हणाला आणि मागच्या दारी जाऊन उभा राहिला. सुचेता भांडी आवरत होती, तिने खिडकीतून बघितलं आणि तिला वाईट वाटलं.

नील गेला आणि घर एकदम मोठं झालं. तेव्हा उल्हासने एक बेत केला. दिवाळी त्या वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, ऐन पानगळीत येत होती. आता आपल्यात दिवाळीच्या नव्या कपड्यांना कुणी नाही म्हणतं का? आवडो न आवडो, त्या दिवशी अंगाला लावावेच लागतात. कायदा आहे तो! सुचेताला त्याने सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तुम्ही एवढे कावेबाज असाल असं वाटलं नव्हतं.

मग सुरू झाली खरेदी. एका फेरीत नाही, एकेक कपडा, एकेक दिवस. दुपारची पाळी सुटली की उन्हं तिरपी झालेली असायची, चेस्टनटची पानं फुटपाथवर पसरलेली असायची, आणि हा आपला त्यांच्यातून तरंगत चाललेला. पहिल्यांदा घेतली गडद राखाडी लोकरी पँट. ती हातात घेतली आणि त्याला नील एका उंच खिडकीपाशी वाचत बसलेला दिसला. कॉर्डरॉयची घेतली, भिजल्या मातीच्या रंगाची, आणि नील कुठल्याशा तळ्याकाठी दोन मित्रांबरोबर हसत चालला होता. इतका हसताना त्याने पोराला कैक वर्षांत बघितलं नव्हतं, म्हणून तो दुकानात तसाच उभा राहिला, पँट छातीशी धरून. दुकानातल्या मुलीने मदत हवी का म्हणून दोनदा विचारलं. शेवाळी स्वेटरात नील एका मुलीशी बोलत होता. मुलगी कोण ते दिसलं नाही, पण तिचा स्कार्फ पिवळा होता. हे त्याने घरी येऊन सुचेताला सांगितलं तेव्हा तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तिकिटाच्या खिडकीतही तेच. लोक भाड्याचे झोन विचारायचे, हा तिकीट द्यायचा, आणि मधल्या फटीत नील चालत राहायचा, एका न संपणाऱ्या तांबूस रस्त्यावरून. कधी आकाशी शर्टात, कधी बारीक चौकड्यांच्या, सत्तावीस नील एकामागून एक. एकही त्या स्वेटशर्टात नाही. आणि सगळे, कसं कोण जाणे, बापाकडे बघून हात हलवायचे.

कोट सर्वांत शेवटी. तो मिळायला तीन आठवडे लागले. गडद निळा, गुडघ्याच्या वर थांबणारा, आतलं अस्तर बटणांनी काढता-घालता येणारं. त्या संध्याकाळी त्याने नीलच्या खोलीत पलंगावर सगळं मांडलं. खाली पँट, वर शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर उघडा कोट, बाह्या अंगालगत. कपड्यांचा एक माणूस पलंगावर गाढ झोपला होता. उल्हास शेजारी खुर्ची ओढून बसला. बाहेर साडेपाचचा उजेड पिवळा होत होत विझला. सुचेता चहा घेऊन आली, बघितलं, आणि कप ठेवून दबक्या पावलांनी परत गेली, जणू खरंच कुणी उठेल.

दिवाळीच्या शनिवारी दोघं निघाले. गाडी सुचेताने चालवली. उल्हासला झाडं बघायची असल्यामुळे त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही असा घरातला नियमच होता. मागच्या सीटवर चकलीचा डबा, चिवड्याचा डबा, करंज्या, आणि पातळ कागदात गुंडाळलेले नऊ कपडे. वाटभर धुकं होतं, धुक्यात झाडं पेटल्यासारखी तांबडी, आणि उल्हास काचेला कपाळ टेकून बसला होता. साउथहॅम्प्टनच्या अलीकडचं विंचेस्टर मागे पडलं तसा तो एकदम म्हणाला की त्याने नाही म्हटलं तर? सुचेता म्हणाली की नाही म्हटलं तर आपण फराळ करून परत येऊ.

नीलची युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलातली खोली म्हणजे एक पलंग, एक टेबल आणि दारामागे उभा आरसा. तो राखाडी स्वेटशर्टातच होता. त्याने चकली उभ्या उभ्या खाल्ली, आईला मिठी मारली, बापाला हॅपी दिवाली म्हटलं. मग कागदाच्या गुंडाळ्या बघितल्या. सुचेताने सांगितलं की दिवाळीचे आहेत, घालून दाखव, आणि ती बापलेकांना खोलीत सोडून गाडी नीट जागी लावते म्हणत बाहेर गेली. गाडी नीट जागीच होती.

नीलने खांदे उडवले, पण कपडे उचलले. उल्हास खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मागे कागद वाजला, चेन वाजली, कोटाचं अस्तर सरकलं. त्याचं काळीज इतकं धडधडत होतं की त्याचं त्यालाच हसू आलं. नीलने हाक मारली तेव्हा तो वळला.

बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या होत्या. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. कॉर्डरॉयचे पाय बुटांवर गोळा झाले होते, स्वेटरचा गळा एका बाजूला लोंबत होता. चुकीचा एक कपडा नव्हता, रंग तर असे जमले होते की पेटिट उठून उभा राहिला असता. पण नऊच्या नऊ एक माप मोठे. सुयशला अर्धा इंच चुकला नव्हता, कोण कुठल्या परक्या पोरांना चुकला नव्हता. आणि हा पोटचा.

शाळेचा पहिला ब्लेझर घेतला तेव्हापासून उल्हास याचे कपडे असेच घेत आला होता, दोन वर्षं पुरतील, वाढतं अंग आहे. सगळेच घेतात. त्याने पुढे होऊन बाही मागे दुमडायला घेतली आणि तोंडातून सवयीने तेच निघालं.

"थोडा सैल आहे. पण पुढच्या वर्षीपर्यंत..."

"बाबा," नील म्हणाला, "मी आता नाही वाढणार."

रागावून नव्हता म्हणाला. चिडवून तर नव्हताच. आजारी माणसाला डॉक्टर सांगतो तसं, जपून सांगितलं. उल्हास हातात बाही धरून तसाच थांबला. मग त्याने मान वर केली, वर करावी लागली, कारण पोरगा त्याच्याहून चार बोटं उंच होता. गालावर दाढीची खुंटं होती. मान रुंद झाली होती. डाव्या भुवईत एक छोटा व्रण होता, तो कधी पडला ते बापाला ठाऊक नव्हतं. हजार अनोळखी माणसांकडे रोज बघणाऱ्या या डोळ्यांनी याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. पुढे होणाऱ्या नीलकडे बघितलं होतं, लहानपणीच्या नीलकडे बघितलं होतं. मधला हा, रोज समोर बसून जेवणारा, तसाच मोठा होऊन गेला. उल्हासला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "बदलून आणतो."

नीलने कोट काढला, स्वेटर काढला, दोन्ही नीट घडी घालून पलंगावर ठेवले. मग तो शर्टावर आरशासमोर ताठ उभा राहिला, हात अंगापासून जरासे दूर धरून.

"मग मेझर कर ना," तो म्हणाला. "नीट कर."

टेप नव्हता, आणि नजरेवर आज उल्हासचा भरवसा उरला नव्हता. त्याने आपली वीत पोराच्या उजव्या खांद्यावर टेकवली. खांदा गरम होता आणि त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी टणक. शेवटचा हात कधी लावला होता ते त्याला आठवेना. एक वीत, मग दुसरी, मानेच्या मागून डाव्या खांद्याच्या टोकापर्यंत. खाली सुचेताने गाडीचं दार उघडून पुन्हा लावल्याचा आवाज आला. दोन विती आणि तीन बोटं भरली. उल्हास आकडा विसरला, की विसरल्यासारखं केलं, कोण जाणे. त्याने उजव्या खांद्यापासून पुन्हा मोजायला घेतलं, आणि नीलने मोजू दिलं.