शेवंतीची बोटं

ही गोष्ट सांगायला मला जड जातंय, पण दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मी सांगितलेली बरी. मी रुक्मिणी. मालवणच्या मासळी बाजारात शेवंतीच्या शेजारी बसून मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आमची भांडणं किती झाली ते विचारू नका. जागेवरून झाली, गिऱ्हाइकावरून झाली, एकदा तर पाण्याच्या बादलीवरून आठ दिवस बोलणं बंद होतं. पण पहाटे किनाऱ्यावर लिलावाला गेलो की मी गुपचूप तिच्या मागे उभी राहायचे. ती माशांच्या ज्या पाटीवर बोली लावेल ती पाटी चांगली, यात कधी फरक पडला नाही.

सगळं तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांत होतं. मासा जरासा दाबायची आणि सांगायची, हा आजचा, हा कालचा, हा दोन दिवस बर्फात झोपून आलाय. दाबून तर आम्हीही बघतो, पण आम्हाला नरम की कडक एवढंच कळतं. तिला दिवस कळायचा. हॉटेलवाले, मे महिन्यात मुंबईहून येणारे चाकरमानी, गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्या, सगळे तिच्याकडून डोळे मिटून घ्यायचे. तिचा धंदा म्हणजे ही दोन बोटं, दुसरं काही नाही.

मागच्या डिसेंबरात, ऐन पर्यटकांच्या गर्दीत, धक्क्यावर तिचा पाय शेवाळावरून सटकला आणि भरलेला क्रेट उजव्या हातावर आला. मनगट बघता बघता सुजलं, सूज बोटांपर्यंत उतरली. फोटो काढला तर हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी फिजिओथेरपीला धाडलं. तिथे संचिता म्हणून एक पोरगी, आमच्या मुलींच्या वयाची, पण शांतपणे समजावणारी. म्हणाली, "मावशी, बर्फ टॉवेलात गुंडाळून लावायचा. वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. दिवसातून चार वेळा. आणि पंधरा दिवस या हाताने काम नको."

बाहेर आल्यावर शेवंती हसली. "चार खेपा वीस मिन्टां. ह्या चेडवाक माजो दिवस ठावक नाय."

खरंच ठाऊक नव्हता. पाचला लिलाव, सातपासून बाजार, दीडला घर. घरात अंथरुणाला खिळलेली सासू, तिचं अंग पुसायचं, तिला भरवायचं, चार वाजता परत किनाऱ्यावर. नवरा ट्रॉलरवर, दहा दिवसांनी उगवणार. वीस मिनिटं एका जागी बसायची तर कोणाच्या वाटणीची काढायची? आणि बाई दिवसभर बसलेली कुठे, तर बर्फाच्या चुऱ्यात. मी चिडवायचे, "बर्फात बसान मासे विकतंस आणि तुका बर्फ गावणा नाय?" मग ती मधूनच हात टबात खुपसायची. दोन मिनिटं होतात न होतात तोच कोणीतरी विचारायचं, सुरमई कशी दिली, की हात बाहेर, हातात कोयता. सूज काही उतरेना.

तेव्हा आम्ही दोघींनी मिळून शहाणपणा केला. सावंतवाडीला तिच्या नणंदेच्या नातवाचं बारसं होतं. म्हणजे एस.टी.चे दोन तास.

"थंय माका कोण काय सांगूचो नाय," शेवंती म्हणाली. "चार येळचा एकदमच करतलंय."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, वर मी माझी अक्कल पाजळली. परगावी जाणाऱ्या पेटीत आम्ही बर्फाच्या थरावर जाडं मीठ टाकतो. त्याने बर्फ जास्त गार होतो, मासा दगडासारखा कडक राहतो. मी म्हटलं, "मीठ घाल गो थोडा, सूज लवकर उतारतली." ती हो म्हणायच्या आधी मीच दोन मुठी तिच्या बर्फाच्या पिशवीत टाकल्या. टॉवेल आम्ही घेतलाच नाही. टॉवेल मधे आला तर गारवा पोचणार कसा, असं वाटलं. आम्ही माशाला कधी टॉवेल गुंडाळला नव्हता. तिचा हात मनगटापर्यंत त्या पिशवीत घातला आणि वरून ओढणीची गाठ मी माझ्या हाताने मारली.

चौके गाव येईपर्यंत हाताची आग आग झाली, असं तिने नंतर सांगितलं. कुडाळ यायच्या आधी दुखणं थांबलं. तिला वाटलं, गुण आला. किती वर्षांत दिवसा डोळा लागला नव्हता तिचा, तो त्या गाडीत लागला. सावंतवाडीच्या स्टँडवर कंडक्टरने हलवून उठवलं. ओढणी सोडली तर बोटं मेणासारखी पांढरी पडली होती.

मग फोड आले, कातडी काळी पडून सोलून निघाली, महिनाभर पट्ट्या झाल्या. संचिताने पहिल्यांदा ते बघितलं आणि काय काय केलं ते शेवंतीकडून ऐकून घेतलं. "मीठ कोणी सांगितलं, मावशी?"

"कोणी नाय. माजा मीच," शेवंती म्हणाली.

मी तिथेच उभी होते. मीठ माझं होतं हे मी कबूल केलं नाही. आज सांगताना लाज वाटते, तेव्हा नुसती भीती वाटली होती.

फेब्रुवारीत ती पुन्हा बाजारात आली. मनगट बरं झालं होतं, सूज गेली होती, बोटांना नवी गुलाबी कातडी आली होती. मला हायसं वाटलं. तिसऱ्याच दिवशी ती सुरमईच्या तुकड्या करत होती, तेव्हा समोरची बाई म्हणाली, "अहो, तुमचं बोट कापलंय." शेवंतीने खाली बघितलं. बोटातून रक्त वाहत होतं आणि तिला पत्ताच नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं. मी फडकं घेऊन धावले, तेव्हा कानाशी पुटपुटली, "कोणाक सांगू नको."

संचिता म्हणाली होती, बोटांच्या नसा दुखावल्यात, जाणीव हळूहळू येईल, वर्ष लागेल, कदाचित पूर्ण येणारही नाही. तोवर शेवंती डोळे आणि कल्ले बघून अंदाज बांधायची. पण मासा दाबायची मात्र रोज, आधी दाबायची तशीच. लोक बघत होते ना. पुष्कळदा अंदाज बरोबर यायचा, आणि मीही मनाला समजावत राहिले की निभेल.

नाही निभलं. दाजी म्हणून एक निवृत्त मास्तर आहेत, शेवंतीचे जुने गिऱ्हाईक. त्यांची बायको विमला मोठ्या दुखण्यातून उठत होती, तिला पेजेबरोबर खायला म्हणून त्यांनी पापलेट नेलं. शेवंतीने दाबून दिलं होतं. चार दिवसांनी दाजी आले ते हातात रिकामी पिशवी घेऊन. भांडले नाहीत. खाली वाकून हळूच म्हणाले, "शेवंती, विमलाक दोन दिवस सलायन लावूचा लागला गो."

तिला दोष बर्फावर ढकलता आला असता, होडीवाल्यावर ढकलता आला असता. आम्ही सगळ्याच ढकलतो. शेवंती उठून उभी राहिली आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी बोलली, "दाजीनू, माज्या बोटांक कायएक कळणा नाय आता. मी नुसतीच दाबून दाखयत होतंय."

रांगेतल्या बायका कोयते धरून तशाच थांबल्या. दाजीच कानकोंडे झाले. म्हणाले, "जावदे. तू देशीत ता चलात माका."

तिने नाही म्हणून मान हलवली. माझ्याकडे हात केला. "रुक्मिणीकडसून घेवा. तिची बोटां बरी आसत."

दाजी दोन पावलं सरकून माझ्यासमोर आले. मी पापलेट उचललं, दाबून बघितलं. ताजं होतं. ते त्यांच्या पिशवीत घातलं, पण मान वर करून शेवंतीकडे बघायची मला हिंमत झाली नाही.