मार्करची शाई

ऑफिसात मार्करचं टोपण उघडलं की त्या उग्र वासाने माझी डावी तर्जनी अजूनही मुठीत लपते. हिंजवडीतल्या नोकरीचं ते पहिलं वर्ष. वऱ्हाडातल्या आमच्या गावी मतदान होतं, माझं नाव तिथल्याच यादीत होतं, बाबांनी दोनदा फोन केला, पण मी सुट्टी मागितलीच नाही. मतदानानंतर दोन दिवसांनी चुलतबहिणीच्या लग्नाला निघताना मात्र ऑफिसातल्या अशाच मार्करने नखावर रेघ ओढली आणि घरी सांगितलं, नाव पुण्याला बदलून घेतलं, तिथंच मत दिलं. पंगतीला बसलेल्या साऱ्यांच्या बोटांवर शाई होती. बाबा वरण वाढता वाढता कौतुकाने माझं बोट दाखवत होते. माझ्या शेजारी बसलेले म्हातारे गुरुजी म्हणाले, "पुन्याचं मतदान तर पुढच्या हप्त्यात हाये न?" ते मला तिथे, त्या पंगतीत कळलं. बाबांचा हात बादलीतच थांबला. मग ते म्हणाले, "कंपनीवाल्यांचं अगोदर घेत असतील, गुरुजी," आणि माझ्याकडे न बघता पुढच्या पानावर गेले. माझी रेघ तिसऱ्या दिवशी पुसली गेली. बाबांना खोटं बोलताना मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं.