गेंडा भुंग्याच्या मांडीतली पिन

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. राग कायम नाकावर. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला सोळा वर्षं काढली, तिथे हा राग चालून गेला, उलट कामाला आला. माझं काम काय, तर प्रेसवरून आलेला नग मोजायचा आणि केसभर इकडेतिकडे असला तरी बाजूला काढायचा. मला लांबून येताना बघून ऑपरेटर म्हणायचे, "आल्या मॅडम, आता लागली वाट." पण त्याच रागानं घरी मी एक गोष्ट करून बसले आणि ती अजून टोचते, म्हणून लिहायला घेतलीय.

तर मी किडे जमवते. खरे नव्हेत. जपानी, प्लास्टिकचे, चाळीसेक वर्षांपूर्वीचे. भुंगा असतो, टोळ असतो, खंडोबाचा किडा असतो. पाय दुमडायचे, पाठ उघडायची, डोकं आत ढकलायचं, की त्याचा दोन पायांवर उभा राहणारा रोबो होतो. उलट्या क्रमानं केलं की परत किडा. पहिला मला कुदळवाडीच्या भंगारात सापडला. नवऱ्याबरोबर मोटारीचा पंप शोधायला गेले होते आणि एका पोत्यात, फुटक्या बरण्यांच्या खाली, हिरवा टोळ. सहज पाय ओढला, तर टक् असा आवाज करून तो बरोबर जागेवर बसला. आमच्याकडे इतक्या मशिनी, इतके साहेब, तरी असं बसणं मुश्किलीनं जमतं, आणि कुणीतरी ते खेळण्यात जमवलं होतं! मी तिथेच फसले. मग इथून तिथून मागवत मागवत अकरा झाले.

घरी सुरुवातीला चेष्टाच झाली. आम्ही तळवड्याला राहतो, नवऱ्याच्या गावी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. सासरे आहेत, त्यांना सगळे आबा म्हणतात. जुने शेतकरी. जमीन बरीचशी कारखान्यांत गेली, आता दीड एकर आणि एक ट्रॅक्टर उरलाय. पहिलं पार्सल फोडलं तेव्हा आबा कपाळाला हात लावून म्हणाले, "आमी जल्म किडं मारन्यात घातला, आन् सून पार्सलानं किडं मागवतीया!" सगळ्या भावकीत हे सांगून झालं. पण संध्याकाळी मी कपाटाची काच सरकवली की हेच आबा खुर्ची ओढून बसायचे. "त्यो टोळ उलटा करून दाव बरं." मी करायचे. कुठला पाय आधी, कुठला मागून, हे त्यांना माझ्याइतकंच पाठ झालं होतं. माझा एक कप चहा आणि त्यांचा एक, एवढा वेळ आमचा ठरलेला. मला सासऱ्यांशी बोलायला दुसरं काही सुचायचं नाही. त्यांनाही नाही.

आमच्या कंपनीत एक जपानी साहेब सल्लागार म्हणून वर्षातून दोनदा यायचे. सत्तरी ओलांडलेले, शांत, खिशात कायम भिंग. एकदा माझ्या मोबाईलवर टोळाचा फोटो बघून ते थबकलेच. पुढच्या खेपेला त्यांनी रुमालात गुंडाळून एक गेंडा भुंगा आणला. काळा, कुळकुळीत, डोक्यावर शिंग. उजव्या मांडीतली पिन तुटलेली, पाय वेगळा. मग कळलं, की तरुणपणी ते खेळण्याच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायला होते आणि या भुंग्याच्या मांडीचा सांधा त्यांनी स्वतः काढला होता. त्यांच्याकडे उरलेला हा शेवटचा. म्हणाले, तिकडे दुरुस्त करणारं आता कुणी ओळखीचं राहिलं नाही, तुम्हाला जमेल का? पुढची खेप आपली शेवटची, असंही म्हणाले. मी छाती पुढे काढून म्हटलं, जमेल. शब्द दिला.

हा भुंगा धड परत त्यांच्या हातात द्यायचा, एवढंच मग सहा महिने माझ्या डोक्यात होतं. तुटक्या पिनेचा तुकडा मी कंपनीत मोजला. भोकापेक्षा केसभर बारीक भरला. मी म्हटलं, झिजलीय. ढिली पिन म्हणजे दोष, सोळा वर्षं हेच केलंय मी. टूलरूममधून दोन मिलीमीटरच्या ड्रिलची दांडी कापून घेतली. पोलाद ते, कडक, मापाला चोख. हलक्या हातानं दाबून बसवली. काय बसली म्हणून सांगू! जराही लुळेपणा नाही. दोनदा किडा, दोनदा रोबो करून बघितलं आणि मग किड्याच्या रूपात कपाटात सगळ्यांत वर ठेवून दिला. जुनं प्लास्टिक वाळल्या पापडासारखं असतं, उगीच खेळवायचं नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

साहेबांची शेवटची खेप नवरात्रात आली. खंडेनवमीला दुपारी एक वाजता ते आमच्याकडे जेवायला येणार आणि दुसऱ्या दिवशी विमान. आदल्या संध्याकाळी मी आबांना बजावलं, "वरचा भुंगा पाहुण्यांचा आहे. बाकीच्यांचं ठीक आहे, पण त्याला हात लावायचा नाही." आबा म्हणाले, "बरं बाई."

खंडेनवमीला कंपनीत मशिनींना झेंडूचे हार, मापं घ्यायच्या गेजांना हळदकुंकू, नारळ, पेढे. माझं कशात लक्ष नव्हतं. अर्धी सुट्टी होताच गाडीला किक मारली ती तळवड्यापर्यंत कुठे थांबले नाही. अंगणात पाऊल टाकलं आणि डिझेलचा भपकारा नाकात गेला.

आबांनी पोतं अंथरलं होतं. त्यावर कोयता, कुऱ्हाड, खुरपी, नांगराचा फाळ, विळी, सगळं ट्रॅक्टरच्या डिझेलनं धुऊन लखलखीत. त्याच रांगेत पुढे माझे अकरा किडे. तेही डिझेलनं धुतलेले. प्रत्येकाच्या डोक्यावर कुंकवाचं बोट आणि झेंडूची एक पाकळी. दोघांचे छातीवरचे मूळचे स्टिकर निघून पोत्याला चिकटले होते. आणि रांगेच्या टोकाला, वेगळ्या पाटावर, गेंडा भुंगा. त्याच्यापुढे अख्खं फूल.

मी धावत जाऊन तो उचलला. उजवा पाय लोंबत होता. मांडीला पिनेपासून वरपर्यंत चीर गेली होती.

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. थोडंसं लिहिते. "आबा, तुम्हाला कळतं काय हो यातलं? नांगर आणि हे एकच वाटलं का तुम्हाला? एवढं बजावून सांगितलं, तरी हात लावायचा सोस! साऱ्या जन्माचं अडाणीपण!" आबा पोत्यावरच बसलेले होते. म्हणाले, "पोरी, त्याला म्या डिझेल लावलंच न्हाई. पाहुन्याचा म्हून नुसता पाटावर ठिवला. येक फूल..."

"एक शब्द बोलू नका!" मी ओरडले. शेजारच्या गच्चीवरून बाई डोकावली.

बरोबर एकला साहेब आले. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि भुंगा दोन्ही हातांनी पुढे केला. माझं इंग्रजी कंपनीपुरतंच, पण त्या दिवशी भराभर फुटलं. आज आमच्यात अवजारांची पूजा असते, माझ्या सासऱ्यांनी न विचारता हात लावला, डिझेल लावलं, त्यांच्याकडून मोडलं, मला फार शरम वाटते. बोलताना मी दाराकडे बोटही दाखवलं. आबा दारात उभे होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण 'फादर-इन-लॉ' कुणाला म्हणतात ते माहीत आहे. ते दोन पावलं पुढे आले, त्या परक्या माणसापुढे हात जोडून वाकले आणि म्हणाले, "चुकी झाली साहेब. पदरात घ्या."

माझे सासरे उभ्या आयुष्यात कुणापुढे वाकलेले मी पाहिले नव्हते. जमिनीच्या वेळी अधिकाऱ्यांपुढेही नाही, असं नवरा सांगतो. आणि खोटं का बोलू, मला त्या क्षणी बरं वाटलं.

साहेबांनी खिशातून भिंग काढलं. खिडकीशी जाऊन बराच वेळ बघितलं. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि बोटानं चीर दाखवली. तुटक्या इंग्रजीत, सावकाश सांगितलं. ही चीर आजची नाही. आत धूळ बसलीय, बघा. आठवडा, दोन आठवडे झाले असतील. डिझेलचा वासही याला नाही. चीर पिनेतून निघालीय. पिन फार घट्ट आहे. केसभर जागा मीच ठेवली होती, ड्रॉइंगमध्ये. लहान मूल कसंही ओढतं, म्हणून.

मी भिंगातून पाहिलं. चिरीत धूळ होती. राखाडी, बारीक, कपाटातली. माझ्या कानशिलांत एकदम ऊन भरलं. सोळा वर्षं माप बघणाऱ्या बाईनं कुणीतरी विचार करून सोडलेली जागा बुजवून टाकली होती, आणि वर शाबासकीची वाट बघत होती.

"काय म्हनलं गं साहेब?" आबांनी दारातून विचारलं.

खोलीत तिघं होतो आणि दोन्ही बाजूंचं बोलणं कळणारी मी एकटी. एक वाक्य सांगायचं होतं. आबा, तुमच्या हातून नाही झालं. इतकंच. शेजारीण ऐकेल अशी काहीही भीती नव्हती. पण मी एवढं तोंड सोडलं होतं, एवढं बोट दाखवलं होतं, की ते वाक्य तोंडाशी आलं आणि घशात परत गेलं.

"म्हणाले, हरकत नाही," मी म्हटलं. "होतं असं कधी कधी."

आबांनी मोठा श्वास सोडला. "मोठ्या मनाचा मानूस हाय." आणि स्वतःच्या हातानं साहेबांच्या पानात पुरणपोळी वाढली, वर तूप. साहेब दोन खाऊन गेले. जाताना भुंगा रुमालात बांधून घेतला आणि पिनेसाठी माझे आभार मानले, मनापासून. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्यानंतर आबा कपाटासमोर बसायचे बंद झाले. मी एकदोनदा काच सरकवून म्हटलं, "टोळ दाखवू का?" तर म्हणाले, "नगं, तुझं चालू दे." मिक्सरला, टीव्हीच्या रिमोटला, अगदी चार्जरलाही हात लावण्याआधी विचारायला लागले. "ह्याला हात लावला तर चालंल का?" स्वतःच्या घरात. नवरा म्हणाला, "आबांचं वय झालं आता." मी मान हलवली. लाज वाटत होती आणि त्या लाजेनंच तोंड धरलं होतं. पिंपरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेताना ठरवलं, आज सांगते. त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, तासभर मी शेजारी बसले, नाही सांगितलं. दिवाळीत नाही, संक्रांतीला 'गोड बोला' म्हणत तिळगूळ हातावर ठेवला तेव्हाही नाही. जितके दिवस गेले तितकं अवघड होत गेलं.

मग पुढची खंडेनवमी आली. आबांनी अंगणात पोतं अंथरलं. कोयता, कुऱ्हाड, फाळ. माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून हळदकुंकवाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या यंत्रांची तू पुजा कर. माझा हात नगं."

तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. अंगणात गेले, त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. "आबा, मागल्या वर्षी तो भुंगा तुम्ही नाही मोडला. माझ्या पिनेनं मोडला. पिन घट्ट झाली होती. साहेबांनीच सांगितलं."

आबा कोयता पुसत होते. पुसतच राहिले.

"कदी सांगितलं?"

"तेव्हाच. खिडकीशी उभे होते तेव्हा."

"म्या हुतो की तितं."

"होय."

"म्या इचारलं बी तुला. काय म्हनलं म्हून."

"होय, आबा."

त्यांनी कोयता पोत्यावर ठेवला. पुढे वाकून त्याला कुंकू लावलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं, मला ओरडण्याची सवय आहे.

"तवा रागात बोललीस, त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "राग समद्यांनाच येतो. पर नंतर ठावं झालं, तरी वरीसभर मला गुन्हेगार ठिवलंस व्हय गं?"

मी माफी मागितली. पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. "ऊठ, मागितलीस, ऐकली म्या," म्हणाले, आणि फाळ पुसायला घेतला.